ओला हात

नवतप्याचा तिसरा दिवस. सकाळचे सहा,
आणि सेमिनरी हिल्सच्या उतारावर
स्कूटीची सीट आत्ताच कोमट.
तिच्यावर देवश्री निमजेनं मांडल्यात चार तबकड्या,
बुधवारच्या बाजारात वांगी मांडावीत तशा.
"घ्या काका, धरून पाहा.
पटर काही डोळ्यांनी नाही घेत."

पहिली निळी, काचेसारखी चकचकीत.
माझ्या हातात ती राहिली
साबणाच्या ओल्या वडीइतकीच.
दुसरी मऊ. इतकी, की दुमडली तर पोळी.
"हिवाळ्यात मस्त आहे," देवश्री म्हणाली,
"आता उन्हात पापडाचं पीठ होते तिचं."
तिसरीच्या काठाखाली एक बारीक कंगोरा,
पदराला दुमड असते तसा.
माझी तर्जनी तिथं जाऊन निमूट बसली,
पण अंगठा वर घसरतच राहिला.

तिला सांगितलं नाही:
माझे तळहात जन्मापासून ओले.
दहावीच्या उत्तरपत्रिकेखाली टॉवेलचा तुकडा असायचा.
गोळीबार चौकाच्या मागं आमचा माग,
बाप धोटा फेकायचा या हातातून त्या हातात,
आणि धोटा ताण्यावरून जायचा
एकाही दोऱ्याला न विचारता.
बाराव्या वर्षी मला बसवलं.
संध्याकाळी पिवळ्या रेशमावर
चार बोटांचे चार डाग.
बाप रागावला नाही. म्हणाला, "याचा हात ओला आहे,"
जसं कुणी सांगतं, याचं नाव अमुक आहे.
मग तेहतीस वर्षं मी मीटरचे आकडे लिहिले
वीज मंडळासाठी,
बॉलपेनला रबर गुंडाळून.

"काका, कुठं हरवले?"

चौथी उचलली.
रंग शिळ्या वरणाचा. आपणहून कुणी घेणार नाही.
पण अंगाला खडूची खरखर,
आणि घाम लागला तशी ती
सुटायची सोडून धरायला लागली.
बोटं सैल केली. पडली नाही.
अजून सैल केली.

बास्केट म्हणजे जुन्या कूलरची चौकट,
वर सायकलच्या साखळ्या,
भंगारवाल्याकडून किलोवर आणलेल्या.
तिथून वीस पावलं मागं.
"जोर नका लावू न जी," देवश्री म्हणाली,
"सरळच जाते ते. तिला शिकवू नका काही."

मी शिकवलं. पहिली फेक पाचोळ्यात.
मग निळी फेकून पाहिली, मुद्दाम, तुलनेसाठी:
ती सुटल्या सुटल्या डावीकडे वळली,
पानठेला दिसलेल्या माणसासारखी.
मग परत वरणाच्या रंगाची.

मनगटातून कधी निघाली ते कळलं नाही.
डुलली नाही.
वेग संपत आला तेव्हाही,
जिथं बाकीच्या सगळ्या
काहीतरी आठवल्यासारख्या कलंडतात, तिथंही
ती कलली नाही,
आणि माझ्या तोंडून आवाज निघाला,
टप्,
धोटा पलीकडच्या तळहातात बसायचा तो.
साठ वर्षांचा माणूस, डोंगरावर, तोंडानं टप् करतो.
देवश्रीनं ऐकलं. हसली नाही.

एक साखळी वाजली. तबकडी दांड्यावर आपटली
आणि बाहेर, धुळीत.
"अरे यार!"
"किती द्यायचे?"
"आत तर जाऊ द्या आधी."
"किती ते सांग."

सातशे.
शंभराच्या नोटा मोजून दिल्या,
त्यातल्या दोन एकमेकींना चिकटलेल्या, दमट.
तिनं त्या सोडवल्या, झटकल्या,
आणि सीटवर उन्हात पसरून ठेवल्या,
वर वजन म्हणून
ती निळी.